पानफुटीचं वाण

१

आमची सकाळ मी डोळे मिटूनही सांगू शकते. आधी शशांक बाहेर पडतो आणि जाताना कचऱ्याची पिशवी खाली नेतो. जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस नवऱ्याला पाठ आहे, प्लास्टिकचा दिवस इथे येऊन इतकी वर्षं झाली तरी पाठ होत नाही. मग मी कश्मिराला उठवते. ती पहिलीत आहे, इथे टोकियोतच जन्मली, आणि मी मराठीत विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर जपानीत देते. मला हाक मारते तीही ‘मामा’. माझ्या सासूबाईंना फोनवर ते ऐकून दरवेळी हसू येतं. मला आताशा येत नाही. निदान ‘आई’ तरी म्हणावं, एवढी एकच माझी तिच्याकडे मागणी आहे, आणि ती मागणी तिने कधीच निकालात काढली आहे.

दूध संपतं, वेणी होते, दप्तर पाठीवर चढतं आणि बाईसाहेब गेंकानमध्ये उतरतात. गेंकान म्हणजे दाराच्या आत बूट काढायला केलेली पायरीभर खोल जागा. इथली सगळीच मुलं बूट चढवले की चवडा जमिनीवर आपटतात, बूट नीट बसावा म्हणून. कश्मिरा उजवा पाय दोनदा आपटते, जरा थांबते, मग डावा एकदा. आणि मग स्वतःशीच म्हणते, ‘योश्शी.’ म्हणजे, चला, झालं.

टक टक. टक. योश्शी.

दार लागतं. मी खिडकीपाशी जाऊन पानफुटीला पाणी घालते आणि माझा दिवस सुरू होतो.

२

मी विभा. लग्नाआधी जळगावजवळच्या एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये नोकरीला होते. केळीचा एक निरोगी कंद निवडायचा, त्याचा नखाएवढा तुकडा बाटलीत वाढवायचा, फुटला की पुन्हा कापून दुसऱ्या बाटल्यांत भरायचा. असं करत एका कंदातून हजारो रोपं निघत. आमचे साहेब नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगायचे, ‘मोजायला ही हजार आहेत, पण केळ एकच आहे. फक्त ठिकाणं वेगळी.’ आणखी एक सांगायचे, की त्याच त्या मालावरून फार फेऱ्या रोपं काढू नका, मूळचा जोम जातो. आम्ही माना डोलवायचो आणि डब्यात काय आहे ते एकमेकींना विचारायचो.

आमची पानफुटी मात्र लॅबशिवायच वाढली. कश्मिरा झाली तेव्हा सासूबाई, लीलावती त्यांचं नाव, मदतीला इथे ओजिमाला आल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या एका जपानी आजींनी त्यांना एक जाडसर पान दिलं आणि खुणेनं सांगितलं, मातीवर नुसतं ठेवा. सासूबाईंनी ते लगेच ओळखलं. आमच्या गावी हे मुतखड्यावर देतात, असं त्या खुणेनं सांगू लागल्या, आणि त्या खुणा आजींना काय समजल्या असतील कोण जाणे. पान कुंडीत ठेवलं. महिन्याभरात त्याच्या कडेच्या प्रत्येक खाचेतून एक इवलंसं रोप उठलं, मुळांसकट. मूळचं पान सुकून गेलं आणि रोपं राहिली. बघता बघता कुंडी भरली. आज ती पानफुटी कश्मिराच्या खांद्याला लागते.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय द्यावं हा प्रश्न होता. दरवर्षी त्याच त्या प्लास्टिकच्या डब्या लुटून सगळ्यांची कपाटं भरली होती. मी दह्याच्या रिकाम्या कपांत पानफुटीची रोपं लावली. फुकटात काम झालं, पर्यावरणाचं भलं झालं आणि मला मिरवायलाही मिळालं. आमच्या इमारतीच्या सभागृहात पंधरा-सोळा जणी जमल्या होत्या. प्रत्येकीला हळदीकुंकू, जपानी काळ्या गुळाचा तिळगूळ आणि एक रोप. ‘हिनं लॅब इथेही काढली,’ असं सोनल म्हणाली. सोनल माझी जुनी मैत्रीण, दोन स्टेशनं पलीकडे फुनाबोरीला राहते, तिचा मुलगा पुण्याला कॉलेजात आहे.

जयंतीने रोप घेताना दोन्ही हात पुढे केले. जयंती मूळची नागपूरची. ‘का’च्या जागी ‘काहून’ म्हणते म्हणून आम्ही तिला चिडवायचो आणि ती मुद्दाम जास्त म्हणायची. इथे दोनदा तिला दिवस गेले आणि दोनदा मूल पोटातच गेलं. दुसऱ्या वेळी हॉस्पिटलात तिच्यासोबत मीच होते. तिच्या नवऱ्याची बदली मोटारींच्या कारखान्यात झाली होती, आणि फेब्रुवारीत ती दोघं नागोयाला गेली. सामान कंपनीने नेलं. दह्याचा तो कप मात्र तिने शिनकानसेनमध्ये, म्हणजे इथल्या बुलेट ट्रेनमध्ये, मांडीवर धरून नेला.

३

फेब्रुवारीतली दुपार होती. कश्मिरा माझ्यासमोर टेबलाशी बसून कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, गिरवत होती. मी सोनलशी फोनवर बोलत होते, कुठल्याशा दुकानात हिंगाची डबी आली आहे इतपतच महत्त्वाचा विषय होता.

सोनल बोलता बोलता थांबली तेव्हा तिच्या बाजूने आवाज आला. टक टक. जरा वेळ काही नाही. टक.

आणि मग, लांबून, दारापाशी कुणी स्वतःशीच बोलावं तसं, ‘योश्शी.’

मी कश्मिराकडे पाहिलं. ती समोरच होती. पेन्सिल हातात होती, पण हात थांबला होता, आणि टेबलाखाली तिचे मोजे घातलेले पाय एकमेकांवर शांत ठेवलेले होते.

घरी कोण आलंय, असं मी सोनलला विचारलं. कुणी नाही, ती म्हणाली, हल्ली वरच्यांचे पाइप वाजतात. शेजारचं मूल असेल, असं मी म्हटलं. तिच्या मजल्यावर मूल नाही, ती म्हणाली, आणि आम्ही पुन्हा हिंगावर आलो.

मी तशी शंकेखोर बाई, पण शंका माझी नेहमी दुकानदारावर असते, आवाजांवर नाही. या देशातलं एकूण एक मूल बूट आपटतं. भिंती पातळ आहेत. फोनमध्ये आपलाच आवाज फिरून येतो हेही ऐकलं होतं. ही तीन कारणं मी फोन ठेवायच्या आत जमवली. तरी मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच, कारण त्या दोन टकटकींनंतरचा थांबा मी रोज सकाळी ऐकते. तो किती असतो ते मला माहीत आहे.

४

मार्चमध्ये कश्मिराचं जेवण कमी झालं. आधी पोळी अर्धी उरू लागली, मग डब्यातला भात परत येऊ लागला. रागावलं तर ती शांतपणे म्हणायची, ‘मोउ ताबेता.’ मी खाल्लंय.

एका रविवारी मी तिच्यासाठी शेवयांची खीर केली होती, तिची सगळ्यांत आवडती. तिने एक चमचा घेतला आणि वाटी सरकवली. खाल्लंय, म्हणाली. मी चिडून विचारलं, काय खाल्लंस ते तरी कळू दे. तिने जपानीतच सांगितलं, पोहे. लिंबू जास्त झालं होतं.

घरात पोहे नव्हते. दोन आठवडे मला ते मिळालेच नव्हते.

मी बाल्कनीत जाऊन सोनलला फोन लावला आणि इकडचं तिकडचं बोलून, आज नाश्त्याला काय केलंस, असं विचारलं. पोहे, ती म्हणाली. आणि मग हसून म्हणाली की लिंबाचा अंदाज साफ चुकला, नवऱ्याने तोंड वाकडं करून खाल्ले, पण कढई मात्र रिकामी झाली, कशी ते कळलं नाही.

मी आत येऊन खिरीची वाटी धुतली. रविवार होता, सगळीकडेच पोहे होत असतील, असं स्वतःला सांगितलं. लिंबू पिळायला कुणाचाही हात चुकतो.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट दाबून पाहिलं, सगळं ठीक आहे म्हणाले. वजन थोडं कमी आहे, वाढीच्या वयात होतं. शाळेतल्या बाईंनी वहीत काही लिहिलं नाही, पण भेटल्या तेव्हा म्हणाल्या की कश्मिरा-चान हल्ली हाक मारली की जरा उशिराने येते. त्यांना म्हणायचं होतं, उशिराने ओ देते. पण त्या म्हणाल्या तेच मला बरोबर वाटलं. ती समोर असायची आणि तरी कुठून तरी यावी लागायची. चढत्या वयात फ्रॉक आखूड व्हावे, तर तिचे सैल होऊ लागले. माझी मुलगी माझ्या डोळ्यांदेखत थोडी थोडी कमी होत होती, आणि मला दुसरं काहीही सुचत नव्हतं.

५

एप्रिलमध्ये एका सकाळी ती झोपेतून रडत उठली. ‘अत्सुई, अत्सुई,’ एवढंच म्हणत होती. गरम होतंय, गरम होतंय. अंग थंड होतं. मी तिला मांडीवर घेऊन पंख्याने वारा घातला, ओलं फडकं ठेवलं, काही केल्या थांबेना. दुपारी आपोआप थांबली आणि झोपली. उजव्या हाताची करंगळी तिला त्या दिवसापासून नीट वाकवता येत नाही.

त्याच आठवड्यात निशी-कसाईला राहणारी, हळदीकुंकवाला आलेली एक बाई किराणा घेताना भेटली. माफ कर हं, म्हणाली, तू दिलेलं रोप माझ्याकडे सडलं, जळणाऱ्या कचऱ्यात टाकलं. कधी, ते मी विचारलं. तिने सांगितला तो दिवस तोच होता.

मी तांदळाची पिशवी हातात घेऊन दुकानात नुसती उभी राहिले. कचऱ्याची गाडी त्या भागात सकाळीच फिरते. तिथून सगळं भट्टीत जातं.

घरी आले तर जयंतीचा व्हिडिओ कॉल. चेहरा भरला होता तिचा, केस धुऊन मोकळे सोडले होते. नागोयातली नवी जागा तिने मला फिरवून दाखवली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, आणि खिडकीतली पानफुटी. आमच्या मूळ झाडाला सात वर्षं लागली तेवढी ती तीन महिन्यांत झाली होती.

‘हे आलं ना, तेव्हापासून घर भरल्यासारखं वाटतं बघ,’ ती म्हणाली. ‘एकटीनं जेवायला लागत नाही.’

नवरा लवकर येतो का, असं मी विचारलं. ती नुसती हसली. तिच्या मागे खोलीचं सरकतं दार होतं, धुरकट काचेचं. ते बोटभर उघडं होतं. आम्ही बोलत असताना ते आतून कुणीतरी हळूच लावून घेतलं.

६

सासूबाईंना मी सहसा काही सांगत नाही, कारण त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असतो आणि तो मोहरी-मिठाने सुरू होतो. पण त्या दिवशी सगळं सांगितलं, टकटकीपासून. शंका माझी मूर्खासारखी आहे हेही सांगितलं. मोहरी-मिठाचं त्यांनी नावही काढलं नाही. मग म्हणाल्या, ‘विभा, ती लाकडी डबी उघडून बघितलीस कधी?’

इथल्या हॉस्पिटलात बाळाची सुकून पडलेली नाळ आईला छोट्या लाकडी डबीत घालून देतात. जपून ठेवायची असते, जन्मभर. मी ती डबी कश्मिराच्या झबल्याटोपड्यांबरोबर कपाटाच्या वरच्या खणात ठेवली होती आणि पुन्हा कधी हात लावला नव्हता.

‘डबीत काय ठेवायची नाळ, दागिना आहे का?’ सासूबाई म्हणाल्या. ‘नाळ मातीत जायला हवी. तुमच्याकडे नवव्या मजल्यावर माती कुठे होती? एक कुंडी होती. मी तिथेच पुरली, पानाखाली. तू नको म्हणाली असतीस म्हणून बोलले नाही.’

त्या रडत होत्या का ते फोनवर कळलं नाही. मला त्यांचा राग आला नाही, हे आजही खरं सांगते. माझ्या आजेसासूने शशांकची नाळ अंगणात पुरली होती आणि त्यावर आज पेरूचं झाड आहे. त्यांनी आपल्या नातीसाठी तेवढंच केलं होतं. पुढचं मी केलं. त्या झाडाचे तुकडे करून मी गावभर वाटले.

स्टुलावर चढून डबी काढली. आत कापूस होता, आणि कापसात एक छोटासा खळगा.

७

जाळायचं नाही, फेकायचं नाही, सुकू द्यायचं नाही. परत आणायचं, एवढंच मला कळत होतं. आणि वाण परत मागायचं नसतं. पंधरा बायकांच्या दारात जाऊन हे मी कोणत्या तोंडाने करणार होते? शेवटी थाप मारली. झाडाला रोग आलाय, तुमच्या घरातल्या तुळशीला लागेल, असं सांगितलं. लॅबवाली बाई म्हणतेय म्हटल्यावर कुणी वाद घातला नाही. लॅबचा तेवढा एक उपयोग आयुष्यात झाला.

सोनलने कप हातात देताना विचारलं, पाइप वाजायचेही बंद होतील का गं? गमतीत विचारलं, पण माझ्याकडे बघत नव्हती. मी परतीच्या गाडीत कप दोन्ही हातांनी धरून बसले. हिगाशी-ओजिमाचं स्टेशन नदीवर आहे, गाडी तिथवर उजेडातच असते. उन्हात त्या रोपाच्या पानांच्या कडा लालसर दिसत होत्या. त्या संध्याकाळी कश्मिराने दोन पोळ्या खाल्ल्या.

मग कुठून एक, कुठून एक, रोपं घरी येत गेली. प्रत्येक वेळी तिचा आवाज जरा मोठा व्हायचा. मी सगळी मूळ कुंडीतच लावली, दाटीवाटीने. मेच्या सुरुवातीला ती पुन्हा शशांकशी मस्ती करू लागली. आता एकच बाहेर होतं. त्या एकामुळे ती दुपारी खेळता खेळता थांबायची आणि कुणी बोलावल्यासारखी भिंतीकडे बघायची. भिंतीच्या त्या बाजूला नागोया आहे, हे मी नकाशात पाहिलं. नसतं पाहिलं तर बरं झालं असतं.

जयंतीला मी रोगाची थाप मारली तेव्हा ती म्हणाली, ‘माझं झाड चांगलं आहे. मी काहून देऊ?’

८

शनिवारी कश्मिराला शशांकपाशी ठेवून सकाळच्या शिनकानसेनने निघाले.

जयंतीने दार उघडलं. तिच्या गेंकानमध्ये लहान मुलीचे लाल बूट होते, नवे, पण टाचा घासलेल्या. मी बुटांकडे पाहिलं आणि तिने मी पाहताना पाहिलं. घरात तूप-जिऱ्याच्या फोडणीचा वास होता आणि धुरकट काचेचं दार पूर्ण बंद होतं.

तिने चहा ठेवला. मी तिला सगळं खरं सांगितलं, नाळ, डबी, कश्मिराचं वजन. मला वाटलं होतं ती हसेल किंवा मला डॉक्टरकडे जायला सांगेल. तिने मान हलवली, कुणी रेशनच्या रांगेची गोष्ट सांगावी आणि आपण ऐकावी तशी. तिला हे आधीच माहीत होतं.

‘दिलेलं वाण परत मागतात का गं?’ ती म्हणाली.

‘माझी मुलगी आहे ती, जयंती.’

‘तुझ्याकडे अख्खं झाड आहे. माझ्याकडे एक फांदी आहे.’ तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. ‘मी तिला उपाशी ठेवत नाही. केस विंचरते. मराठी शिकवते.’

चहा उतू गेला तशी ती आत पळाली. मी उठून खिडकीशी गेले आणि कुंडी उचलली. जड होती, पण कडेवर बसण्यासारखी. उचलताना पानं माझ्या गळ्याला लागली. तेव्हा दिसलं की प्रत्येक पानाच्या कडेने बारीक बारीक रोपं उठली होती. काही गळून खिडकीच्या पन्हळीत पडली होती आणि तिथल्या धुळीतच त्यांनी मुळं धरली होती. एखादं फ्रिजमागे असेल. एखादं तिच्या पर्समध्ये. हे परत नेणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळेनासं झालं.

दाराच्या पलीकडे आवाज झाला. टक टक.

मी थांबले. तो थांबाही तेवढाच होता.

टक.

‘चला, झालं,’ आतून कुणीतरी स्वतःशीच म्हणालं. मराठीत.

काच धुरकट होती. खांद्याएवढ्या उंचीवर दोन वेण्या दिसल्या, तेल लावून चप्प बसवलेल्या, लाल रिबिनींच्या. मी कश्मिराची एकच वेणी घालते. एक हात वर आला आणि काचेवर टेकला. उजवा हात होता. चार बोटं काचेला चिकटली, करंगळी जरा बाजूला राहिली.

‘आई, नको,’ ती म्हणाली.

स्वयंपाकघराच्या दारात जयंती उभी होती आणि खिडकीपाशी मी. दोघींपैकी कुणाला म्हणाली, ते मला आजही सांगता येणार नाही. सात वर्षं मी त्या एका हाकेची वाट पाहिली होती. मी कुंडी होती तिथे ठेवली, चहा न घेता निघाले. जयंतीने मला स्टेशनचा रस्ता सांगितला, पाऊस नाही ना बघ म्हणाली, नेहमी म्हणते तसं.

९

परतीच्या गाडीत मी हिशोब मांडत होते. बाकी सगळी रोपं घरी आली आहेत. एक फांदी गेली तर झाड मरत नाही. जयंती तिला जिवापाड सांभाळते. महिन्याला जाऊन बघून येता येईल. साहेबांचं ते ‘केळ एकच आहे’ आठवू नये म्हणून मी खिडकीबाहेरची चहाची शेतं बघत बसले, एका उंचीला कापलेल्या रांगांमागून रांगा.

ओजिमाला पोचले तेव्हा अजून ऊन होतं. दार शशांकने उघडलं आणि तो आत टीव्हीपाशी गेला. दिवसभर आम्ही घरीच होतो, म्हणाला, बाहेर जाऊ म्हटलं तर ही दारातून हलायला तयार नाही.

कश्मिरा गेंकानच्या कडेवर बसली होती, बूट घालून, हात गुडघ्यांवर ठेवून. मी तिच्या शेजारी टेकले आणि माझा एक बूट काढला. तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. आमच्या घरात खोबरेल तेल नाही, शशांकला वास सहन होत नाही म्हणून मी कधी आणलंच नाही.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रडत नव्हती. एकही शब्द न अडखळता, सरळ मराठीत म्हणाली,

‘आई, मला तिथं काहून ठेवून आली तू?’

नागोयाला जाणाऱ्या गाड्या अजून बऱ्याच होत्या. मी काढलेला बूट पुन्हा हातात घेतला. तशी तिने माझ्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं, करंगळी बाहेर ठेवून. इथून उठले असते तर हिला सोडून जावं लागलं असतं. एक बूट पायात आणि एक हातात घेऊन मी तिथेच बसून राहिले. आतून शशांक विचारत होता, चहा टाकू का.